चौकोनाखालचा शेरा

स्वयंसेवकांनी काढलेल्या नकाशातली चूक दुरुस्त करायला अर्धं मिनिट पुरतं. ती का झाली आणि पुढच्या वेळी काय बघायचं, हे दोन ओळींत लिहायला पाच मिनिटं जातात, आणि तपासणारे बहुतेक वेळा तीच पाच मिनिटं वाचवतात. त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. रात्रीचे साडेदहा झालेले असतात, सकाळचा पहिला तास डोक्यात असतो आणि स्क्रीनवर साठेक घरांचा चौकोन उघडा असतो. त्यातलं एक घर कुणीतरी थेट रस्त्यात आणून ठेवलेलं. माऊसने उचलायचं, जागेवर ठेवायचं, पुढे जायचं. नकाशा सुधारतो. ज्याने घर रस्त्यात ठेवलं त्याला मात्र काहीच कळत नाही. तो पुढच्या चौकोनातही घर रस्त्यातच ठेवतो, आणि मग कुणीतरी दुसरा रात्री साडेदहाला ते उचलतो.

या कामाची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ओपनस्ट्रीटमॅप हा कुणीही भर घालावी आणि कुणीही वापरावा असा नकाशा. त्याची सुरुवात २००४ साली इंग्लंडमध्ये झाली. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा मदत पथकांच्या हाती तिथल्या राजधानीचा धड नकाशा नव्हता. जगभरच्या लोकांनी घरबसल्या, वरून घेतलेल्या चित्रांवरून तिथले रस्ते, इमारती, तंबूंच्या छावण्या काढून दिल्या. त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था उभी राहिली. २०१४ मध्ये तिने डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि ब्रिटिश व अमेरिकन रेड क्रॉस यांच्याबरोबर मिसिंग मॅप्स हा उपक्रम काढला. संकट आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा नकाशा आधीच करून ठेवावा, एवढीच त्यामागची कल्पना. प्रदेशाचे लहान लहान चौकोन पाडतात. स्वयंसेवक एक चौकोन उचलतो, तो दोन तास त्याच्या नावावर राहतो. त्यातली घरं काढून झाली की तो ‘पूर्ण’ म्हणून सोडतो. मग दुसरा कुणीतरी, जरा अनुभवी, तपासतो. पसंत पडला तर मान्य, नाही तर परत. दोन्ही वेळा खाली शेरा लिहायला जागा असते. माझं सगळं म्हणणं त्या जागेबद्दल आहे.

मी फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात भूगोल शिकवते. शनिवारी दुपारी आमची संगणकाची खोली रिकामी असते, तिथे मुलांना घेऊन हे काम करते. मुलं येतात ती एनएसएसचे तास भरायला, हे मला ठाऊक आहे आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. तास भरले की निम्मी गळतात. उरलेल्यांतली दोन-चार मात्र अशी अडकतात की शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला तरी खुर्ची सोडत नाहीत.

आम्ही घेतलेल्या चौकोनांत बरेच मोझांबिकचे होते. गोव्याच्या मुलांना हा देश अगदीच परका नाही. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा, हे त्यांना सांगितलं की वर्ग एकदम जागा होतो. एकीचे पणजोबा तिथल्या बैरा शहरात रेल्वेत कारकून होते, तिच्या घरी अजून तिथली एक लाकडी पेटी आहे. त्याच बैराजवळ १४ मार्च २०१९ च्या रात्री इदाई चक्रीवादळ किनाऱ्याला लागलं आणि मागचा सगळा सखल मुलूख पाण्याखाली गेला. तेव्हा कुठल्या वस्तीत किती घरं होती हा प्रश्न साधा राहिला नव्हता.

तर त्या भागातला एक चौकोन आमच्या अकरावीच्या एका मुलीने घेतला. लाल माती, मधून एक पायवाट, दोन्ही बाजूंना वस्त्या. एका वस्तीत पत्र्याचं एक लांबट घर, शेजारी गवती छपराच्या दोन गोल झोपड्या, मागे आणखी एक अगदी लहान गोल. वरून पाहिलं की गवती छप्पर पालथ्या घातलेल्या टोपलीसारखं दिसतं, मधोमध टोक आणि एका कडेला सावली. तिने त्या सगळ्यांभोवती मिळून एकच मोठा आकार काढला होता. सगळं एका अंगणात आहे म्हणजे एकच घर, हा तिचा हिशेब. आमच्याकडे जुन्या घराचं माजघर, न्हाणी, गोठा असं मोजायला गेलं तर तेही एकच घर होतं, तेव्हा हिशेब काही वेडगळ नव्हता.

आठवड्याने चौकोन परत आला. खाली शेरा होता, “इमारती अचूक नाहीत, पुन्हा काढा” अशा अर्थाचे चार-पाच इंग्रजी शब्द. लिहिणारा कोण, कुठला, माहीत नाही. माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं.

“टीचर, अचूक म्हणजे किती?” तिने विचारलं.

मला हा प्रश्न फार आवडला. तिने शेरा वाचून काय केलं असेल? एडिटरमध्ये इंग्रजी क्यूचं बटण दाबलं की आकाराचे कोपरे काटकोनात येतात. ते तिला शिकवलेलं होतं. तिने पुन्हा बसून प्रत्येक आकाराचे कोपरे काटकोनात आणले. एक तास घालवला. चार छपरांचा एक वेडावाकडा आकार होता, तो आता चार छपरांचा नीटनेटका आयत झाला. मूळ चूक जागच्या जागी, वर इस्त्री केलेली.

कोपरे डोळ्यांना चटकन खुपतात, म्हणून तपासणारे कोपऱ्यांबद्दलच बोलतात. पण हा नकाशा पुढे कोण वापरणार ते बघा. हिवतापासाठी घरांच्या आतल्या भिंतींवर औषध फवारायचं असेल तर औषध किती, माणसं किती, दिवस किती हे घरांच्या संख्येवर ठरतं. गोवराच्या लसी किती न्यायच्या याचा अंदाज वस्तीतल्या छपरांवरून बांधतात. तिथे एखादं घर दहा अंशांनी तिरकं असलं तर कुणाचं काही बिघडत नाही. चार घरांचं एक झालं तर बिघडतं, आणि झाडाआडची आख्खी वस्ती सुटली तर फारच बिघडतं. माझ्या मते शेऱ्यातही हीच उतरंड हवी. आधी सुटलेलं, मग एकत्र झालेलं, मग सरकलेलं, आणि कोपरे सगळ्यांच्या शेवटी, जागा उरली तर. सुंदर नकाशाचा सोस असलेल्या काही मित्रांना हे पटत नाही. त्यांच्याशी माझा वाद चालू आहे.

त्या मुलीला मी शेरा लिहिला तो असा होता: “पायवाटेच्या उत्तरेची सगळी वस्ती तुला सापडली, अगदी कडेची दोन छपरंसुद्धा. आता पत्र्याच्या घराशेजारी बघ. तिथे तीन गोल छपरं वेगळी दिसतात, मधे माती दिसते. जिथे दोन छपरांमधे माती दिसेल तिथे दोन आकार. गोल छपराला तीन-चार टिंबं देऊन आकार बंद कर आणि ओ दाब, तो आपोआप गोल होईल. या एका वस्तीत करून बघ, बाकीच्या पुढच्या वेळी.” पुढच्या शनिवारी तिने एक सोडून सगळ्या वस्त्या केल्या. दोन छपरांमधे माती दिसते का, हा तिच्या हाताशी आलेला निकष होता. ‘अचूक’ या शब्दाने तिला तो दिला नव्हता.

कौतुकाचंही तसंच आहे. “खूप छान, असंच चालू ठेवा!” हा शेरा एकदा लिहून प्रत्येकाखाली चिकटवणारे लोक मला कोपरेवाल्यांपेक्षाही कमी आवडतात. असंच म्हणजे कसं? मुलं हे लगेच ओळखतात. शेजारी बसलेल्या दोघांनी एकमेकांचे शेरे पाहिले आणि शब्दाला शब्द तोच निघाला की पुढचा शेरा कुणी उघडूनही बघत नाही. कडेची दोन छपरं सापडली, हे ज्याने बघितलं त्यालाच लिहिता येतं.

सावलीचा एक किस्सा सांगते, भूगोलाच्या बाईला तो टाळता येत नाही. घराच्या छपरासोबत सावलीही घरातच धरणं ही नवशिक्यांची नेहमीची गोष्ट. आमच्या एका हुशार मुलाने त्यावर नियम काढला: सावली नेहमी उत्तरेला पडते, तेव्हा उत्तरेकडचा काळा भाग सोडायचा. गोव्यात हे वर्षातले बहुतेक दिवस खरं आहे. आपण साधारण साडेपंधरा अंश उत्तरेला. मेच्या सुरुवातीला सूर्य डोक्यावर येतो, मग ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारची सावली दक्षिणेकडे झुकते, बाकी वर्षभर उत्तरेला. पण बैरा आहे विषुववृत्ताच्या पलीकडे. तिथे गणित उलटं. त्याने उत्तरेकडची काळपट छपरं सोडली आणि दक्षिणेकडच्या सावल्या इमानाने घरांत घेतल्या. “सावली धरू नका” एवढाच शेरा त्याच्याकडे गेला असता तर तो चक्रावला असता, कारण तो बिचारा सावलीच तर टाळत होता. त्याला एकच प्रश्न विचारला, या गावात सूर्य कुठल्या बाजूला आहे? तो पाच सेकंद गप्प बसला आणि मग स्वतःच कपाळावर हात मारला. तो प्रश्न मी आता अकरावीच्या चाचणीत घालते.

आधी विचारावं आणि मग सांगावं, हे मी सगळ्यात जास्त शिकले ते एका गवंड्याच्या मुलाकडून. चित्र घेताना कॅमेरा सरळ खाली बघत नसेल तर उंच इमारती कलल्यासारख्या दिसतात. छप्पर एकीकडे आणि पाया दुसरीकडे. म्हणून सूचना अशी असते की छपराचा आकार काढा आणि तो पायावर सरकवून ठेवा. पायावर, छपरावर नाही. या मुलाने आमच्याच तालुक्यातला एक वाडा, म्हणजे गावातली एक वस्ती, काढला होता आणि त्यातलं प्रत्येक घर चारही बाजूंनी थोडं थोडं लहान होतं. इतकं सारखं लहान की हयगय म्हणता येईना. मी लिहिलं, “घरं छपराच्या आत घेतलीस, काही कारण?” उत्तर तोंडी आलं. “टीचर, पावळी दोन-तीन फूट बाहेर असते. चिऱ्याची भिंत आत. पाया काढायचा म्हणालात ना?”

बरोबरच होतं त्याचं! आमच्या पावसात भिंतीवर झड येऊ नये म्हणून कौलांची पावळी चांगली बाहेर काढतात, आणि बापाबरोबर साइटवर जाणाऱ्या मुलाला हे नकाशा लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक. सूचना ज्यांनी लिहिली त्यांच्या डोक्यात कललेले मजले होते, याच्या डोक्यात पावळी. मी त्याला सांगितलं की वरून भिंत दिसत नाही, अंदाजाने आत घेतलेलं दुसऱ्याला पडताळता येत नाही, म्हणून बैठ्या घरांना दिसेल तेवढं छप्पर धरायचं. त्याने मान्य केलं, पण फार खूश होऊन नव्हे. ‘घरं लहान काढली आहेस’ असा निकाल मी आधीच दिला असता तर तो गप्प बसला असता आणि त्याची पावळी मला कधी कळली नसती.

गोव्याचे चौकोन परक्या लोकांनी काढलेले असतात तेव्हा मी उलट्या बाजूला असते. युरोपात बसून कुणी आमचे वाडे काढतो, आणि मनापासून काढतो. पण जुन्या घराच्या मधोमध राजांगण असतं, वरून ते कौलांतलं चौकोनी भोक दिसतं, आणि तो ते बुजवून टाकतो. देवळाभोवतीच्या लांबलचक अग्रशाळा, म्हणजे भक्तांच्या उतरायच्या खोल्या, त्याला गोदामं वाटतात. कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, एकुलत्या छपराला तो घर म्हणतो. आमची मुलं लांबूनच ओरडतात, “हें घर न्हय टीचर, मांगर.” म्हणजे बागेतली कामापुरती खोप. आणि किनाऱ्यावरचे शॅक! ते पावसाळा संपल्यावर उभे राहतात आणि पुढचा पाऊस यायच्या आत उतरवावे लागतात. एका स्वयंसेवकाने एका किनाऱ्यावरचे शॅक ओळीने, सुरेख काढले होते. दुसऱ्याने दुसरं चित्र उघडलं, तिथे नुसती वाळू, त्याने सगळे पुसले आणि पहिल्याला जरा लागेल असं लिहिलं. दोघांनीही चित्रात होतं तेच केलं होतं, फक्त एकाचं चित्र हिवाळ्यातलं असणार आणि दुसऱ्याचं पावसाळ्याच्या आसपासचं. मी दोघांना मिळून एकच उत्तर लिहिलं, शॅकची रीत सांगणारं. पहिल्याचं उत्तर आलं की तो आता प्रत्येक ठिकाणी चित्राची तारीख शोधतो. दुसऱ्याचं आलं नाही.

हे शेरे कायमचे राहतात, हेही लक्षात ठेवावं लागतं. बदलांच्या गठ्ठ्याखाली, ज्याला चेंजसेट म्हणतात, लिहिलेलं कुणालाही, केव्हाही वाचता येतं. सतरा वर्षांच्या मुलीच्या पहिल्या दुपारच्या कामाखाली तुम्ही तिरसट वाक्य लिहिलंत तर ती बावीस वर्षांची झाल्यावरही ते तिथेच असणार. म्हणून कडक बोलायचं असेल तर मी खोलीत बोलते. लिहिताना बोलते ती घराबद्दल, छपराबद्दल, चित्राबद्दल. माणूस निष्काळजी आहे की आळशी, हे मला वरून दिसत नाही.

परत पाठवण्याबद्दल माझं मत थोडं सैल आहे. साठांतली दोन घरं सुटली असतील तर ती मी स्वतः काढते, चौकोन मान्य करते आणि कुठली दोन ते सांगते. निम्म्या वस्तीत तीच चूक असेल तरच परत. आणि सगळीच घरं एका दिशेला काही मीटर सरकलेली असतील तर आधी विचारते की कुठलं चित्र वापरलं. दोन कंपन्यांची चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, आणि मधेच चित्र बदलणाऱ्याला वाटतं की आधीच्या माणसाने सगळं चुकवलंय. एक-दोनदा असंही पाहिलं आहे की त्याने जुन्या प्रत्येक घराशेजारी त्याचं जुळं काढून ठेवलं.

उशिरा आलेला शेरा फुकट जातो, त्यावर मात्र माझ्याकडे उपाय नाही. एका दुपारी येऊन गेलेला मुलगा तीन आठवड्यांनी तो उघडतच नाही. त्याचं लॉगिनही तो विसरलेला असतो. म्हणून आमच्या खोलीत आता पहिल्या दहा घरांनंतर हात वर करायचा, अशी रीत आहे. मी किंवा जुन्यांपैकी कुणी जाऊन बघतं. दहा घरांत जी सवय दिसते तीच पुढच्या पन्नासांत असते, आणि दहा घरं बदलायला कुणाचं मन दुखत नाही.

अलीकडे यंत्राने काढलेली घरं येऊ लागली आहेत. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या दोघांनीही चित्रांवरून ओळखलेल्या इमारतींचे आकार कोट्यवधींनी खुले केले आहेत, आणि काही साधनांत स्वयंसेवकाने ते फक्त बघून घ्यायचे किंवा सोडायचे असतात. मुलांना हे फार आवडतं, भराभर होतं. पण माडाची झावळी कौलांवर आडवी आली की यंत्र एका घराची दोन करतं, आणि कुणी न बघता दोन्ही घेतो. अशा वेळी शेरा द्यायचा कुणाला? काढलं यंत्राने, पण घेतलं माणसाने. मी घेणाऱ्यालाच लिहिते, आणि काढण्याबद्दल नव्हे तर सोडण्याबद्दल लिहिते: या चौकोनातले कुठले आकार तू घेतले नाहीस, आणि का? एकही सोडलेला नसेल तर ते स्वतःच एक उत्तर असतं. पावळीवाल्या मुलाने गेल्या खेपेला एका चौकोनातले अकरा सोडले होते आणि प्रत्येकाचं कारण वहीत लिहून आणलं होतं. त्यातली दोन कारणं मला पटली नाहीत. येत्या शनिवारी आम्ही ती दोन छपरं पुन्हा उघडणार आहोत. त्यातलं एक त्याच्या मामाच्या वाड्यावरचं आहे, त्यामुळे मी हरण्याची शक्यता जास्त.